कौल लागायच्या आधीची तारीख: एका जत्रा-साइटच्या मेटाडेटाचं प्रकरण

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांतल्या जत्रा, घरगुती निवास आणि होड्यांच्या वेळा एका जागी मिळाव्यात म्हणून काही होमस्टेवाल्यांनी मिळून एक साइट काढली. पानं दोनशेच्या आसपास. साइट जेकिल या साइट बनवणाऱ्या प्रोग्रामवर चालते: मजकूर मार्कडाउन (साध्या खुणा घातलेल्या) फायलींत, बिल्ड, म्हणजे पानं बनवायचं काम, झालं की तयार एचटीएमएल पानं, मागे डेटाबेस नाही. खर्च नको म्हणून ही निवड झालीच, पण रेंजचाही विचार होता. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये पावसात वीज आणि नेटवर्क आपापल्या मर्जीने येतात-जातात. हलकं, तयार पान अशा ठिकाणी निदान उघडतं तरी.

मजकूर तिघं सांभाळतात. जत्रांची पानं एका निवृत्त गुरुजींकडे, निवासांची एका होमस्टेवाल्या काकींकडे, आणि होड्या व फोटो कॉलेजात शिकणाऱ्या वेंगुर्ल्याच्या मुलीकडे. तिघंही गिटहबवर (साइटच्या फायली जिथे ठेवल्या आहेत त्या सेवेवर) थेट फाइल उघडतात, बहुतेक वेळा फोनवरूनच, आणि बदल करून सेव्ह करतात. माझ्याकडे टेम्प्लेट (पानांचे साचे) आणि बिल्ड.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळी, आणि त्यांच्यामध्ये यामल पद्धतीने (‘नाव: मूल्य’ अशा ओळींत) लिहिलेला मेटाडेटा, म्हणजे पानाबद्दलची माहिती. यालाच फ्रंट मॅटर म्हणतात. शीर्षक, तालुका, तारीख, फोन, वेळ, फोटो सगळं तिथे. साइट लहान होती तोवर या डोक्याकडे कुणी बघितलं नाही. वाढली तेव्हा काय काय निघालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं काम त्यातूनच आलं.

काय बिघडत होतं

पहिली तक्रार गुरुजींची. पुढच्या महिन्यातल्या जत्रेचं पान त्यांनी घातलं, बिल्ड हिरवं झालं, आणि पान साइटवर नाही. झालेल्या जत्रांची पानं मात्र व्यवस्थित दिसत होती. म्हणजे ज्या पानाची लोकांना गरज तेच नेमकं गायब.

कारण साधं आहे, पण ठाऊक नसेल तर सापडायला वेळ लागतो. जेकिलमध्ये ‘डेट’ हे राखीव फील्ड आहे आणि त्याचा अर्थ ‘पान कधीचं’ असा घेतला जातो. तारीख भविष्यातली असेल तर ते पान अजून प्रसिद्ध करायचं नाही, अशी मूळची सेटिंग असते. हे पोस्टना लागू आहे तसंच कलेक्शनमधल्या (एका प्रकारच्या पानांच्या गटातल्या) फायलींनाही. जत्रेची तारीख त्या फील्डमध्ये घातली की जत्रा होऊन जाईपर्यंत पान बाहेर पडतच नाही. ‘फ्यूचर’ ही सेटिंग चालू करून काम भागलं असतं, पण मग तेच फील्ड दोन अर्थांनी वापरत राहिलो असतो. नवीन फील्ड काढलं: जत्रा_दिवस. (फील्डची नावं मी इथे देवनागरीत देतोय. फायलींत ती रोमन अक्षरांत आहेत, कारण लिक्विड या जेकिलच्या साच्यांच्या भाषेत टिंब देऊन देवनागरी नाव वाचता येत नाही, चौकटी कंस आणि अवतरणचिन्हं घालावी लागतात. दर ओळीत तेवढा खटाटोप कोण करणार?)

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. काही पानांवर मालवणचा एसटीडी कोड १२६९ असा छापून येत होता. मालवणचा कोड ०२३६५. इंग्रजी आकड्यांत, अवतरणचिन्हांशिवाय लिहिला की रुबीतलं (जेकिल ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिच्यातलं) यामल वाचणारं यंत्र पुढचं शून्य बघून तो आकडा अष्टमान पद्धतीतला समजतं आणि त्याचं दशमान रूप करून देतं. देवगडचा ०२३६४ होतो १२६८, वेंगुर्ल्याचा ०२३६६ होतो १२७०. आमचे तिन्ही तालुके सापडले ते असे ओळीने. दापोलीचा ०२३५८ किंवा गुहागरचा ०२३५९ असता तर काहीच झालं नसतं, कारण अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, त्यामुळे ते कोड मजकूर म्हणून जसेच्या तसे राहतात. आणि गुरुजींच्या पानांवर कोड पहिल्यापासून बरोबर होता. ते फोनवर मराठी कीबोर्डने देवनागरी आकडे टाकतात, आणि यामलच्या लेखी देवनागरी आकडे म्हणजे निव्वळ अक्षरं.

तारखेच्या बाबतीत मात्र हेच उलटं. इंग्रजी आकड्यांत वर्ष-महिना-दिवस लिहिलं की यामल त्याची खरी तारीख करून देतं. देवनागरीत लिहिलं तर ती नुसती अक्षरांची ओळ राहते, आणि क्रम लावताना एका यादीत तारखा आणि अक्षरं एकत्र आली की बिल्ड कोसळतं.

तिसरी गोष्ट होड्यांच्या वेळा. सकाळची ८:३० ची होडी पानावर ३०६०० वाजता सुटत होती. आकड्यांच्या मध्ये कोलन (:) दिसला की हेच यंत्र त्याला साठच्या पटीतला हिशोब समजतं: ८ तासांचे २८८०० सेकंद, अधिक ३० मिनिटांचे १८००. ज्यांनी ‘८:३० सकाळी’ असं लिहिलं त्यांची वेळ शाबूत राहिली. त्यामुळे चूक काही पानांवर होती, काहींवर नव्हती, आणि नेमकं कुठे काय होतंय हे लवकर कळत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. वायफायपुढे इंग्रजीत ‘नो’ लिहिलं की पानावर ‘फॉल्स’ उमटायचं. शीर्षकात कोलन आणि त्यापुढे जागा आली की अख्खं फ्रंट मॅटर वाचता यायचं नाही. जेकिल लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढे जायचं आणि पान उघडंबोडकं बाहेर पडायचं. आणि जे फील्ड लिहिलंच नाही त्याच्या जागी लिक्विड काहीच छापत नाही, बोलतही नाही. ‘संपर्क:’ आणि पुढे कोरी जागा.

आधी माहिती हलवली, मग प्लगिन

मला प्लगिन, म्हणजे जेकिलला जोडायचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, लिहायची घाई नव्हती. अर्ध्याहून अधिक घोटाळा माहिती चुकीच्या जागी लिहिल्याने होता. एसटीडी कोड निवासाच्या फाइलमध्ये मुळात का असावा? तो तालुक्याचा आहे. म्हणून डेटा फोल्डरमध्ये तालुक्यांची एक फाइल केली: कोड, जवळचं रेल्वे स्थानक, आणीबाणीत लागणारी माहिती. निवासाच्या पानावर आता फक्त ‘तालुका: मालवण’ एवढंच असतं, आणि टेम्प्लेट बाकीचं तिथून उचलतं. कोड तिथे एकदाच, अवतरणचिन्हांत लिहिला आहे. अष्टमानाचा प्रश्न तिथेच संपला, एक ओळही कोड न लिहिता.

हंगामाचंही तेच. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आणि यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. हे प्रत्येक होडीच्या आणि ‘ताजी मासळी मिळेल’ म्हणणाऱ्या प्रत्येक निवासाच्या पानावर वेगवेगळं लिहिलं होतं, आणि दरवर्षी कुणाचं तरी पान बदलायचं राहायचंच. आता हंगामाची एक फाइल आहे आणि तीच सगळीकडे चालते.

जे एका प्रकारच्या सगळ्या पानांना सारखं आहे, म्हणजे लेआउट (पानाचं टेम्प्लेट), वरच्या पट्टीचा फोटो, कुठल्या मेनूत दिसायचं, ते जेकिलच्या कॉन्फिग फाइलमधल्या ‘डिफॉल्ट्स’मध्ये गेलं. तिथे फोल्डर किंवा कलेक्शन सांगून मूल्यं ठरवता येतात, आणि पानाने स्वतः काही लिहिलं असेल तर पानाचं चालतं. एक सूचना: घरी सर्व्हर चालू ठेवून काम करत असाल तर कॉन्फिगमधला बदल तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय दिसत नाही.

काही माहिती काढूनच टाकली. थाळीचा दर हे फील्ड काकींना हवं होतं, मला नको होतं. पापलेटचा भाव दिवसागणिक बदलतो, आणि पानावरचा दर दाखवून पाहुण्यांनी हुज्जत घातली की त्रास त्यांनाच. शेवटी त्यांनीच ते खोडलं.

एवढं झाल्यावर पानांत जे उरलं ते खरोखर त्या पानाचंच होतं, आणि तिथे प्लगिनला काम होतं.

टेम्प्लेटने स्वतःच्या गरजा सांगाव्यात

कुठलं फील्ड लागतं याची यादी कुठे ठेवायची, हा या प्रकरणातला मुख्य निर्णय. प्लगिनच्या रुबी कोडमध्ये ठेवली तर टेम्प्लेट बदलताना ती बदलायचं हटकून राहणार. वेगळ्या फाइलमध्ये ठेवली तरी तेच. जेकिलमध्ये लेआउटलाही स्वतःचं फ्रंट मॅटर असतं, हे फार कमी जण वापरतात. बहुतेक लेआउटमध्ये तिथे फक्त वरच्या लेआउटचं नाव असतं. आम्ही गरजांची यादी तिथेच घातली. जत्रेच्या लेआउटच्या डोक्यावर आता साधारण असं आहे:

लेआउट: पाया
लागतं:
  देवस्थान: मजकूर
  तारीख_कशी_ठरते: तिथी, कौल, नेमका_दिवस यांपैकी एक
  जत्रा_दिवस: तारीख

जो हात टेम्प्लेटमध्ये नवीन फील्ड छापतो त्याच हाताने, त्याच फाइलमध्ये, चार ओळी वर ते मागितलंही जातं. ‘पाया’ लेआउटची स्वतःची छोटी यादी आहे: शीर्षक आणि तालुका. प्लगिन पानाचा लेआउट बघतं, मग त्या लेआउटचा लेआउट, असं वरपर्यंत चढत जाऊन सगळ्या याद्या एकत्र करतं.

प्लगिन म्हणजे ‘_प्लगिन्स’ फोल्डरमधली एकच रुबी फाइल. सगळ्या फायली आणि लेआउट वाचून झाले, पण पानं बनायला अजून सुरुवात झालेली नाही, त्या टप्प्यावर जेकिलचा एक हुक (आपला कोड अडकवायची जागा) मिळतो. तिथे ते चालतं. आधी तारखेच्या फील्डमधले देवनागरी आकडे इंग्रजी करून त्याची खरी तारीख बनवतं, म्हणजे गुरुजींना कीबोर्ड बदलावा लागत नाही. मग यादीप्रमाणे तपासतं. चुका सापडतील तशा थांबत नाही. सगळ्या गोळा करतं आणि शेवटी एकदम सांगतं. फोनवरून दुरुस्ती करणाऱ्याला एक चूक सुधारली की दुसरी, मग तिसरी, असं बिल्डमागून बिल्ड करायला लावणं बरं नाही.

इथे एक बारीक खाच आहे. कलेक्शनमधल्या फायलींच्या डेटात डिफॉल्ट मूल्यं प्रत्यक्ष मिसळलेली असतात. साध्या पानांच्या बाबतीत ती मिसळत नाहीत, विचारल्यावर मागून शोधून दिली जातात. त्यामुळे ‘हे फील्ड आहे का’ असं विचारलं तर साधं पान ‘नाही’ म्हणतं, आणि ‘याचं मूल्य काय’ विचारलं तर डिफॉल्ट मूल्य देतं. तपासणी नेहमी मूल्य विचारूनच करावी.

वेळेचं काय करायचं यावर आमच्यात थोडा वाद झाला. ३०६०० वरून ८:३० परत काढणं अवघड नाही, भागाकारच करायचा. मुलीचं म्हणणं होतं की प्लगिनने गुपचूप सुधारावं. मी नाही म्हटलं. एकदा प्लगिन अंदाज बांधायला लागलं की फाइलमध्ये काय लिहिलंय आणि पानावर काय दिसतंय यांचा मेळ कुणालाच सांगता येत नाही. देवनागरी आकड्यांचं रूपांतर वेगळं: तिथे एकाच गोष्टीची दोन लिखाणं आहेत, अर्थाबद्दल शंका नाही. वेळेच्या फील्डमध्ये आकडा दिसला तर प्लगिन थांबतं आणि अवतरणचिन्हं घालायला सांगतं.

सांगतं ते मराठीत. याचा उपयोग बाकी सगळ्या कोडपेक्षा जास्त झाला. संदेश असा येतो: ‘जत्रा फोल्डर, कुणकेश्वर फाइल: जत्रा_दिवस मध्ये तारीख हवी, तिथे “१५ फेब” असं आहे. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, जसं २०२६-०२-१५.’ कुठली फाइल, काय आहे, काय हवं. हे येण्याआधी बिल्ड फसल्याची लाल फुली दिसली की गुरुजी मला फोन करायचे. आता बहुतेक वेळा करत नाहीत.

आंगणेवाडी

आणि मग तारखेच्या फील्डने आम्हाला अडवलं.

कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीची. तिथी ठरलेली, पंचांग आलं की इंग्रजी तारीख काढता येते. पण मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कुठल्या तिथीला बांधलेली नाही. देवीचा कौल मिळाल्यावर तिचा दिवस ठरतो आणि मग जाहीर होतो. जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या जत्रांपैकी एक, मुंबईहून लोक गाड्यांची तिकिटं काढायला टपून बसलेले, म्हणजे पान तर आधीपासून हवंच. आणि प्लगिन म्हणतंय तारीख दिल्याशिवाय बिल्ड करणार नाही. गुरुजींनी फोनवर एवढंच विचारलं, “कौल लागूक नाय अजून, तारीख खंयसून घालू?”

जत्रा_दिवस सक्तीचं नको, असं करून सुटता आलं असतं. पण मग कुणकेश्वरच्या पानावर तारीख राहून गेली तरी कुणाला कळणार नाही. रिकामं फील्ड दोन वेगळ्या कारणांनी रिकामं असू शकतं: लिहायचं राहिलं, किंवा अजून ठरलंच नाही. प्लगिनला हा फरक दिसत नव्हता, कारण तो लिहायला जागाच नव्हती.

म्हणून जत्रा_दिवस या फील्डला दोनच गोष्टी चालतात असं ठरवलं: खरी तारीख, किंवा ‘ठरायची’ हा शब्द. कोरं चालत नाही. शिवाय ‘ठरायची’ हा शब्द तारीख_कशी_ठरते मध्ये ‘कौल’ असेल तरच मान्य होतो. तिथीची जत्रा असून ‘ठरायची’ लिहिलं तर प्लगिन म्हणतं, पंचांग बघून तारीख घाला. टेम्प्लेटही याच जोडीवर चालतं: कौल बाकी असलेल्या पानावर ‘देवीचा कौल झाल्यावर तारीख इथे दिसेल’ अशी ओळ येते. एखाद्या ठिकाणी मागच्या वर्षीचीच तारीख पडून राहिली तर लोक तिकिटं काढून बसतील, म्हणून वर्ष उलटलेल्या तारखेवरही प्लगिन हरकत घेतं.

यादीचा क्रम लावताना हाच प्रश्न पुन्हा आला. ‘ठरायची’ हे टेम्प्लेटपर्यंत रिकामं मूल्य म्हणून पोचतं, म्हणजे तारखा आणि अक्षरं मिसळत नाहीत. जेकिलचा क्रम लावणारा फिल्टर रिकामी मूल्यं मूळच्या सेटिंगप्रमाणे सगळ्यांत वर ठेवतो. शेवटी ठेवायला सांगताही येतं. आंगणेवाडी यादीत पहिली आली ते बघून गुरुजी खूश होते. तरी कौलाच्या जत्रांसाठी वेगळा छोटा गट केला, कारण यादी तारखेनुसार वाचणाऱ्याला वरच्या तारीख नसलेल्या ओळी गोंधळात टाकतात.

थांबवायचं किती

तयार पानांच्या साइटचा एक फायदा: बिल्ड फसलं तरी आधीची साइट चालूच राहते. तोटा असा की एका फाइलमधल्या चुकीने सगळ्यांचे बदल अडकतात. काकींकडून एका निवासाचा फोटो द्यायचा राहिला म्हणून होडी बंद झाल्याची सूचना बाहेर पडली नाही, असं झालं. त्या वैतागल्या ते बरोबरच होतं.

चुकलेलं पान बाजूला ठेवून बाकीची साइट बनवावी असा एक पर्याय होता. तो मी नाकारला. पान कुणाला न सांगता गायब होणं हीच तर पहिली तक्रार होती. आता लेआउटच्या यादीत प्रत्येक फील्डपुढे सक्ती किती तेही लिहिलेलं असतं. माणूस चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या नंबरवर जाईल अशी चूक असेल तर बिल्ड थांबतं. बाकी सगळ्यासाठी बिल्ड होतं, आणि प्लगिन एक ‘अपुरी पानं’ नावाचं पान तयार करतं. ते मेनूत नाही, तिघांना पत्ता माहीत आहे. काकी दर आठवड्याला त्यातली एखाद-दुसरी ओळ कमी करतात. मला वाटतं थांबवायची फील्डं जितकी कमी तितका प्लगिनचा शब्द मानला जातो. आमच्याकडे ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

कॉन्फिगमध्ये फ्रंट मॅटर कडक करायची सेटिंगही चालू केली, म्हणजे यामल वाचता आलं नाही तर बिल्ड तिथेच थांबतं. ती मूळची बंद असते, का ते मला आजवर पटलेलं नाही.

एक गोष्ट प्रत्यक्ष साइट चढवताना महत्त्वाची. गिटहब पेजेस या गिटहबच्या साइट चढवायच्या सेवेचं स्वतःचं बिल्ड सुरक्षित मोडमध्ये चालतं आणि आपण लिहिलेली प्लगिन्स चालवतच नाही. चूक दाखवत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, त्यामुळे तपासणी होतेय अशा समजुतीत राहता येतं. आम्ही बिल्ड गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर आपली कामं आपोआप चालवायची सोय) हलवलं. तिथेच रोज मध्यरात्रीनंतर एक बिल्ड लावलं आहे, म्हणजे काल झालेली जत्रा आज खालच्या यादीत जाते. ती वेळ आम्ही यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) दिली आहे: आपल्याकडचे रात्रीचे १२:०५ म्हणजे तिथले आदल्या संध्याकाळचे ६:३५.

इलेव्हन्टी (जेकिलसारखंच दुसरं साधन) का नाही, असं एकाने विचारलं. तिथे फोल्डरला स्वतःची डेटा फाइल देता येते, आणि माहिती कुठून कुठे उतरते याचा क्रम जेकिलपेक्षा नीट आखलेला आहे. नवी साइट असती तर मी तेच घेतलं असतं. पण यामलमधला अष्टमान आणि आंगणेवाडीचा कौल तिथेही आपापल्या जागी होतेच, आणि तिघांना पुन्हा सगळं शिकवायचं बळ माझ्यात नव्हतं.

आता रत्नागिरीकडची काही मंडळी शिमग्याची पानं घालू म्हणतायत. पालखी घरोघर फिरते, वाडीवाडीचा दिवस वेगळा, एका देवस्थानाला पंधरा-वीस तारखा. जत्रा_दिवस मध्ये एकच तारीख बसते. तारखांची यादी चालवायची की प्रत्येक वाडीची वेगळी फाइल करायची यावर अजून एकमत नाही. माझा कल यादीकडे आहे, गुरुजींचा फायलींकडे, कारण फोनवर लांब यादीतली एक ओळ शोधून बदलणं जिकिरीचं होतं. तोवर ती वेळापत्रकं पानाच्या मजकुरात साध्या तक्त्यात लिहिली आहेत, आणि शिमग्याच्या लेआउटने तारखेचं फील्ड अजून मागितलेलं नाही.